शोभेची अक्षरं

आमच्या दालमिलमधून बाहेर पडणारं प्रत्येक पत्र महादेवराव गावंडे नटवून पाठवतात. साधं पत्र त्यांना येत नाही असं नाही, साधं पत्र लिहिणं त्यांना कमीपणाचं वाटतं. अकोल्याच्या एमआयडीसीत धंदे पुष्कळ आहेत आणि तिथून रोज ढीगभर पत्रं जातात. पण डाळीत खडे निघाल्याच्या तक्रारीला वेलबुट्टीच्या सोनेरी अक्षरांत उत्तर देणारा माणूस एकच, आणि तो माझ्या समोरच्या टेबलावर बसतो.

मी मंजुषा. माहेर अमरावती, सासर अकोला, आणि नोकरी ह्या मिलच्या ऑफिसात. आवक-जावकचं रजिस्टर माझ्याकडे. म्हणजे महादेवराव जे काही प्रसवतात त्याला नंबर देऊन, तारीख टाकून, पाकिटात घालून बाहेर पाठवायचं काम माझं. अकरा वर्षं झाली. ह्या अकरा वर्षांत मी ह्या गृहस्थांचा इतका राग केला आहे की तेवढ्या मेहनतीत माझं एम.ए. झालं असतं.

माणूस तसा नीटनेटका. साठीला टेकलेला, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, कपाळावर बारीक बुक्का. धामणगाव रेल्वेला एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत त्यांची अर्धी उमर गेली. तिथे मुख्यतः लग्नपत्रिका निघायच्या. पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा महादेवराव तेही शिकले. ह्याचं श्रेय मी त्यांना देते, कारण त्यांच्या बरोबरीचे बाकीचे घरी बसले. मग आमच्या शेटजींच्या पोरीचं लग्न निघालं आणि पत्रिकेचं काम धामणगावला गेलं. पत्रिका अशी काही निघाली म्हणतात की लग्नात जावयापेक्षा तिचंच कौतुक जास्त झालं. शेटजींना वाटलं, पत्रिका एवढी छान करतो तर ऑफिसची पत्रंही छान करेल. त्यांनी माणूसच उचलून आणला आणि ऑफिस मॅनेजर करून टाकला. शेटजींना डाळ कळते. बाकी काय कळतं हे मला अकरा वर्षांत समजलेलं नाही.

महादेवरावांच्या कॉम्प्युटरमध्ये शे-दीडशे फॉन्ट आहेत आणि त्यांना कंपनीने दिलेली नावं ते मानत नाहीत. प्रत्येकाचं त्यांनी स्वतः बारसं केलं आहे. पानाफुलांचं, वळणावळणाचं अक्षर ते ‘मंडप’. जाड, छाती काढून उभं राहिलेलं ते ‘तुतारी’. बारीक सोनेरी रेघेचं, नाजूक ते ‘शालू’. आणि तुम्ही-आम्ही जे वाचतो, पेपरात असतं, पुस्तकात असतं, सरकार वापरतं, त्या साध्या सरळ अक्षराला त्यांनी नाव दिलंय ‘तेरवी’.

“तेरवी काहून म्हणता हो महादेवराव?” मी नवी होते तेव्हा विचारलं होतं.

“मंग? मेलेल्या मानसाच्या तेरवीची पत्रिका कशी राह्यते? काळी शाई, साधं अक्षर, किनार नाही, फूल नाही. धंद्याचं पत्र तसं पाठवलं तं समोरच्याले काय वाटन? का मिल बसली म्हनून!”

छापखान्यात दोनच प्रकारचे कागद पाहिलेला माणूस. एक लग्नाचा, एक मर्तिकाचा. जगातला सगळा पत्रव्यवहार त्यांनी ह्या दोन खणांत घालून टाकला होता, आणि आमची मिल जिवंत असल्यामुळे आमची सगळी पत्रं लग्नाच्या खणात गेली.

पुन्हा मानपान आहेच. पत्रिकेत आजोबांचं नाव वर, काकांचं त्याखाली, मामांचं जरा बाजूला पण ठळक, नाहीतर मामा मंडपातून उठून जातो. तोच हिशोब इथे. शेटजींचं नाव सगळ्यांत मोठं. शेटजींच्या भावाचं त्याहून एक नंबर लहान, पण फार लहान नाही. ज्याला पत्र जातंय त्याचं नाव त्याच्या ऐपतीप्रमाणे. मोठा व्यापारी असला तर ‘तुतारी’, दलाल असला तर ‘मंडप’, ट्रान्सपोर्टवाला असला तर ‘मंडप’च पण बारीक. वर बोधचिन्ह, खाली किनार, कोपऱ्यात फुलं. एवढं सगळं बसवून जी जागा उरेल त्यात मजकूर. मजकुराचं अक्षर कधीकधी इतकं बारीक होई की माझ्या चष्म्याचा नंबर वाढला तो त्यापायीच, असं मी नवऱ्याला सांगते.

आता व्यवहाराच्या पत्राला लागतं काय? मी काही मोठी शहाणी नाही, पण दुसऱ्या टोकालाही माझ्यासारखीच कोणी बाई बसलेली असते एवढं मला कळतं. तिच्यापुढे चाळीस कागद असतात. तिला कोणी पाठवलं, काय हवं, केव्हापर्यंत हवं, हे तीन प्रश्न असतात. एकच अक्षर घ्या, काळं घ्या, डोळ्यांना ताण न देता वाचता येईल एवढं मोठं घ्या, झालं. आकडे आकड्यासारखे दिसू द्या. ह्यासाठी काही डोकं लागत नाही. उलट डोकं लागतं ते ह्याच्या विरुद्ध करायला, आणि ते महादेवरावांकडे भरपूर आहे.

एकदा एका व्यापाऱ्याला कळवायचं होतं की मालात ओलावा अकरा टक्के आहे. ‘मंडप’ अक्षरातला एक आणि नऊ ह्यांच्यात एका शेपटीचा फरक, आणि ती शेपटीही वेलीत गुंतलेली. समोरच्याने एकोणीस वाचलं आणि ट्रक दारातून परत पाठवला. बँकेला एक पत्र गेलं त्यात मिलचं नाव पिवळ्या रंगात होतं. बँकेने झेरॉक्स काढली तर पिवळं उमटलंच नाही. कागदावर मजकुराखाली नुसती शेटजींची सही आणि कोपऱ्यात चार फुलं. बँकेच्या साहेबाने फोन करून विचारलं, हे शेटजींनी कोणाच्या वतीने लिहिलं आहे? दोन्ही वेळेला शेटजी चिडले ते समोरच्यांवर. “लोगांना वाचता येत नाही, त्याला महादेवराव काय करतील?” असं म्हणाले. महादेवरावांनी नम्रपणे मान खाली घातली. मी रजिस्टर जोरात मिटलं, तेवढंच माझ्या हातात होतं.

ई-मेलची तर गंमतच. महादेवरावांचे ते फॉन्ट जुन्या पद्धतीचे. त्यांच्या मशीनवर अक्षर दिसतं देखणं, पण मेल करून दुसऱ्याने फोनवर उघडलं की सगळं इंग्रजी अक्षरांचं भजं. मी किती वेळा सांगितलं की आता सगळीकडे सारखं दिसणारं अक्षर मिळतं, ते वापरा. त्यांनी ते एकदा उघडून पाहिलं, नाक मुरडलं, म्हणाले, “तेरवी.” आणि त्या दिवसापासून महत्त्वाचं पत्र मेलने पाठवणंच बंद केलं. महत्त्वाचं पत्र म्हणजे कागद, तोही जाड, आणि पाकीट मलई रंगाचं.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते. नवऱ्याला सांगून हसायचे, बहिणीला अमरावतीला फोन करून हसायचे. हसायला मिळत असेल तर माणूस पुष्कळ सहन करतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे एक जागा निघाली. माल बाहेर पाठवायचा तर प्रयोगशाळेत तपासणी करणारं शिकलेलं माणूस हवं, अशी एका मोठ्या गिऱ्हाइकाने अट घातली होती. पंधरा मेपर्यंत माणूस कामावर दिसला पाहिजे. मुलाखतीला सात जण आले. त्यात दर्यापूरची एक मुलगी होती, दीपमाला तेलगोटे. बी.एस्सी. झालेली, रसायनशास्त्र घेऊन. शेटजींनी मूठभर तूर तिच्या पुढ्यात टाकली तर तिने हातात घेऊन, दाताखाली एक दाणा फोडून ओलावा सांगितला आणि मग मशीनवर ठेवून दाखवला. अर्ध्या टक्क्याचाही फरक नाही. शेटजी खूश.

“हे कुठं शिकली?” शेटजींनी विचारलं.

“बाबा मार्केटात धान्य मोजनारे मापारी आहेत जी. धान्याच्या ढिगावरच मोठी झाली मी.”

मुलाखत झाल्यावर ती माझ्या टेबलापाशी पाणी प्यायला थांबली. उन्हातून बसने आलेली, परत बसने जायची. मी सहज विचारलं, घरी काय म्हणतात? तशी ती म्हणाली, “तीन वर्षं झाले ताई, मुलाखतीच देऊन राहिली. बाबा म्हनते, हे शेवटची. हे नाही झालं तं अचलपूरचं स्थळ आहे, त्याले होय म्हनून टाकू. स्थळ वाईट नाही. पन तिकडं नोकरी नाही करू देनार, तसं त्याईनं आधीच सांगितलं.” मग ग्लास ठेवून म्हणाली, “केव्हा कळन ताई?”

मी उत्तर द्यायच्या आत महादेवराव म्हणाले, “पत्र येईन. फोन करू नका, विचारू नका. रीतसर पत्र येईन, वाट पाहा.”

ती “हो काका” म्हणून गेली. अर्ज माझ्या फायलीत लावला होता. साध्या काळ्या अक्षरात टाइप केलेला एक कागद, नाव, पत्ता, शिक्षण, आणि खाली मोबाइल नंबर. एका नजरेत सगळं कळावं असा. एवढ्या वर्षांत माझ्या टेबलावर आलेला तो सगळ्यात शहाणा कागद होता.

निवड तिचीच झाली. सहा मे रोजी महादेवराव नियुक्तीपत्र करायला बसले आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत उठले नाहीत. मिलमध्ये पहिल्यांदाच अशी शिकलेली मुलगी येणार, तिला मिलची शान दिसली पाहिजे, असं त्यांच्या डोक्यात. ते मनापासून करत होते, हे मी नाकारत नाही. पत्र तयार झाल्यावर त्यांनी ते मला दोन्ही हातांनी दाखवलं. जाड कागद, दोन घड्यांचा. बाहेरच्या बाजूला लाल-सोनेरी किनार आणि मिलचं बोधचिन्ह. आत मधोमध ‘शालू’ अक्षरात ‘कु. दीपमाला देवराव तेलगोटे’, एवढं मोठं की शेटजींपेक्षा दोनच नंबर कमी. आणि खाली, उरलेल्या जागेत, की आपली निवड झाली असून आठ दिवसांच्या आत, म्हणजे चौदा तारखेपर्यंत रुजू व्हावे, अन्यथा यादीतील पुढील उमेदवारास संधी देण्यात येईल.

“कसं आहे?” महादेवरावांनी विचारलं.

“मुहूर्त काय आहे?” मी म्हणाले.

त्यांना ते लागलंच नाही. पाकिटावर त्यांनी मुलीचं नाव घातलं नाही. लग्न न झालेल्या पोरीच्या नावाने पाकीट धाडणं बरं दिसत नाही, मान बापाचा. म्हणून पाकिटावर ‘मंडप’ अक्षरात ‘श्री. देवराव तेलगोटे, सहपरिवार’. मी हसत हसत नंबर टाकला, स्पीड पोस्टाने पाठवलं आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. आम्ही दोघं खूप हसलो.

आठ तारखेला पाकीट पोचल्याचं पोस्टाच्या साइटवर दिसलं. नऊ गेली, दहा गेली. मुलीचा पत्ता नाही, होकार नाही, नकार नाही. अकराला मी महादेवरावांना म्हटलं, “अहो, त्या तेलगोटेला एक फोन तर करा. अर्जावर नंबर आहे.”

महादेवराव दुखावल्यासारखे झाले. “बोलावनं फोनवर देत असते का मंजुषाबाई? फोनवर सांगतलेल्या लग्नाले कोनी जाते? तिच्या बापाले वाटन, पोरीले घेऊन उपकार करून राहिले. आपन मानानं बोलावलं आहे. येईन ते मानानं.”

त्या वेळी मला काय वाटलं ते मी खरं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय ह्या माणसाची गोष्ट पुरी होत नाही. मला वाटलं, होऊ दे. एकदा ह्या अक्षरांपायी काहीतरी मोठं बिघडू दे. शेटजींच्या नाकाला झोंबेल असं काहीतरी होऊ दे, म्हणजे ह्या बुवाचे ‘मंडप’ उतरतील. अकरा वर्षं मी सांगत आले, कोणी ऐकलं नाही, आता कळू दे. अर्ज माझ्या फायलीत होता. बाराला मी फाइल उघडली, नंबर पाहिला आणि फाइल मिटली. तेराला पुन्हा उघडली. चौदाला दुपारी चहा घेता घेता पुन्हा.

पंधराला सकाळी शेटजींनी स्वतः यादीतल्या दुसऱ्या उमेदवाराला फोन लावला. अमरावतीचा मुलगा होता. अडीच तासांत बॅग घेऊन हजर झाला. ना पत्र, ना पाकीट, ना मान.

सतरा तारखेला दीपमाला आली. दुपारची वेळ, बाहेर ऊन असं की रस्त्याचं डांबर बुटाला चिकटावं. ओढणी डोक्यावरून घेतलेली, हातात ते मलई रंगाचं पाकीट. महादेवराव खुर्चीतून उठलेच. चेहरा असा फुलला की जशी काही व्याहीमंडळीच दारात आली.

“पोचलं न पत्र? या, बसा. जरा उशीर केला तुमी.”

ती बसली नाही. पाकीट टेबलावर ठेवून तिने जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत सांगते, कारण माझ्याने ते सारखं करून सांगवत नाही.

“बाबा मापारी आहेत. मार्केटातले सारे व्यापारी त्याईले पत्रिका देते. लग्नसराईत घरी पन्नास-साठ पत्रिका येते. गेलं का अहेर द्या लागते, मोठ्या लोकाच्या मंडपात कोन विचारत नाही थे वेगळं. म्हनून बाबा पत्रिका उघडतच नाही. उघडली तं तारीख माहीत होते, माहीत झाली तं जा लागते. तशीच तारेत टोचून ठेवते. हे बी तशीच टोचली. अकोल्याच्या दालमिलची आहे, शेटच्या घरचं लगन असन, म्हने. मी रोज विचारत होती, बाबा टपाल आलं का? बाबा म्हने, नाही वो माय, नुसत्या पत्रिकाच येऊन राहिल्या.”

महादेवरावांचा हात पाकिटापर्यंत गेला होता, तो तिथेच राहिला.

“काल आई तारेवरच्या पत्रिका चुलीत घालाले काढून राहिली होती. तिले वाचता येत नाही. एखांद्या घरचं लगन व्हायचं असन अन् आपन आधीच जाळू, म्हनून मले एकेक दाखवत होती, झालं का हे लगन, झालं का हे. हे उघडलं तं माह्यंच नाव.”

शेटजी आपल्या केबिनच्या दारात येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते वाईट माणूस नाहीत. “देखो बेटा,” ते म्हणाले, “तो मुलगा परवा जॉइन झाला. आता त्याला कसं काढू? त्याचा काय दोष? पुढे जागा निघाली की पहिलं तुलाच बोलावू.” आणि आत गेले. दार हळू लावून घेतलं त्यांनी.

मग महादेवराव बोलले. मला वाटलं होतं, आता तरी हा माणूस समजेल. अकरा वर्षं मी ज्या क्षणाची वाट पाहिली तो हाच. महादेवरावांनी पत्र हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, उजेडाकडे धरलं, आणि अगदी खरोखरच्या नवलाने म्हणाले, “पत्रिका? हे पत्रिकेसारखं दिसते?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती, बचाव नव्हता. त्या माणसाला खरंच दिसत नव्हतं. जन्मभर त्यांनी अक्षराकडे पाहिलं होतं, अक्षर ज्याच्या हातात पडतं त्याच्याकडे कधी पाहिलंच नाही. त्यांची फजिती झालेली पाहायची म्हणून मी चार दिवस दम धरला होता, आणि त्यांची फजिती झालीच नव्हती. झाली होती ती तिची.

“मुलीचं नाव एवढं मोठं टाकलं होतं,” महादेवराव पुटपुटत होते. “मापून टाकलं होतं. बापानं एकदा उघडून तं पाह्याले पाह्यजे होतं.”

“बाबाले नका बोलू काका,” दीपमाला म्हणाली. आवाज चढला नाही. “बाबा कालपासून जेवले नाही.”

मग ती माझ्याकडे वळली. “ताई, माह्या अर्जाचा कागद द्या. त्याले सर्टिफिकिटाच्या झेरॉक्स जोडल्या आहेत, दुसरीकडं कामी येईन.”

अचलपूरच्या लोकांना काय उत्तर दिलं हे मी विचारू शकले नाही. दुसरीकडे म्हणाली, एवढं ऐकून मला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. मी फाइल काढली. क्लिप काढली. अर्ज तिच्या हातात दिला. तिने पानं मोजली, झेरॉक्स पाहिल्या, मग पहिल्या पानाच्या खालच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. दहा आकडे होते तिथे. साधे, काळे, एकमेकांपासून नीट सुटे.

“इथं नंबर होता माहा,” ती म्हणाली. महादेवरावांकडे तिने पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. “दिसला नाही का ताई?”

महादेवराव मध्येच काही सांगायला लागले, बोलावणं फोनवर देत नसतात वगैरे. मी त्यांना हाताने थांबवलं. खोटं बोलायला जागा होती. फायलीत दबला होता, सुट्टीवर होते, काहीही सांगता आलं असतं, आणि तिने ते मानलंही असतं.

“दिसला होता,” मी म्हणाले. “तीनदा पाहिला.”

तिने अर्जाची घडी केली, ओढणी सारखी केली आणि चारची दर्यापूर गाडी गाठायला निघून गेली.